शुश्रूषेची पंचायत : केरळातील घरपोच सेवा आणि महाराष्ट्राचा रिकामा रकाना

केरळातील ग्रामपंचायतींच्या वार्षिक योजनेत रस्ते, पाणीपुरवठा आणि दिवाबत्ती यांच्या जोडीने अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या शुश्रूषेचीही तरतूद असते. त्या तरतुदीतून नेमलेली परिचारिका आशा कार्यकर्ती आणि गावातील एकदोन स्वयंसेवक यांना बरोबर घेऊन ठरलेल्या वारी घरोघर जाते, पाठीच्या जखमा धुऊन मलमपट्टी करते, लघवीची नळी बदलते, उरलेल्या गोळ्या मोजून पाहते आणि रुग्णाला कुशीवर कसे वळवावे हे घरच्यांना करून दाखवते. राज्यातील ९४१ ग्रामपंचायतींपैकी जवळपास सर्वांत ही व्यवस्था कमीअधिक प्रमाणात रुजलेली आहे. वृद्धांची आणि दिव्यांगांची घरातली शुश्रूषा हा विषय भारतात एरवी मुलासुनांच्या कर्तव्याच्या भाषेत बोलला जातो, नाहीतर पैसे मोजून आणलेल्या मदतनिसाच्या; केरळने तो स्थानिक स्वराज्याच्या कारभारात आणला, आणि हे कसे घडले ते पाहिले असता त्यात मलयाळी समाजाच्या सेवाभावाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक वाटा पंचायतीच्या हाती असलेल्या पैशाचा होता असे दिसते.

या व्यवस्थेचा उगम वृद्धांच्या प्रश्नातून झालेला नाही. १९९३ मध्ये कोळिकोड येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांचे सहकारी यांनी ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ ही संस्था स्थापन केली, ती मुख्यतः कर्करोगाच्या असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या रुग्णांसाठी. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपशामक सेवा : जो आजार बरा होण्यासारखा नाही त्यातली वेदना, धाप, मळमळ, जखमा ही लक्षणे आटोक्यात ठेवणे आणि रुग्णाबरोबर त्याच्या घराचीही मानसिक व आर्थिक ओढाताण हलकी करणे. अशा रुग्णांना तोंडावाटे देता येणारे मॉर्फीन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध असूनही १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील कडक परवान्यांमुळे ते रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले होते (हा कायदा रुग्णांच्या सोयीने बदलायला २०१४ साल उजाडले, आणि अफूची सरकारी देखरेखीखालील शेती असलेल्या देशात हे व्हावे यातला विपर्यास सहज लक्षात येण्यासारखा आहे). कोळिकोडच्या बाह्यरुग्ण विभागाने ती अडचण पुष्कळशी सोडवली. परंतु ती सोडवताना दुसरी पुढे आली. वेदनेने खिळलेला माणूस दर पंधरा दिवसांनी बसने पन्नास-साठ किलोमीटर प्रवास करून दवाखान्यात येऊ शकत नाही, आणि ज्याला यायला जमते त्याच्यापेक्षा न येऊ शकणाऱ्याची गरज बहुधा अधिक असते.

म्हणून सेवा रुग्णाच्या दारी नेण्याचे प्रयोग मलप्पुरम जिल्ह्यातील निलंबूर आदी ठिकाणी सुरू झाले आणि २००१ च्या सुमारास त्यांना ‘नेबरहूड नेटवर्क इन पॅलिएटिव्ह केअर’ असे संघटित रूप मिळाले. प्राथमिक आरोग्यसेवेत लोकांचा सहभाग हवा, हा १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यातील विचार त्यामागे होता. जुनाट आणि बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाच्या अडचणींपैकी थोड्याच वैद्यकीय असतात. बाकीच्या शिधा, मुलांची फी, तुंबलेले घरभाडे, शेजाऱ्यांनी येणेजाणे थांबवल्याने आलेला एकाकीपणा अशा असतात आणि त्या सोडवायला डॉक्टर लागत नाही, गावातली माणसे लागतात, हे या जाळ्याचे गृहीतक होते. आठवड्यातून किमान दोन तास देण्याची तयारी असलेल्या माणसाची नोंदणी होई, त्याला सोळा तासांचे वर्ग आणि त्यानंतर गृहभेटींचा प्रत्यक्ष अनुभव असे प्रशिक्षण मिळे, आणि मग दहापंधरा जणांचा गट आपल्या परिसरातील रुग्ण शोधून काढी, ज्याला परिचारिकेची गरज आहे त्याच्याकडे तिला नेई. खर्चाचा फार मोठा भाग गावातूनच उभा राही : दुकानांतून ठेवलेले डबे, शाळकरी मुलांची वर्गणी, आखातात गेलेल्यांनी पाठवलेली रक्कम. २००७ च्या सुमारास अशी साठाहून अधिक केंद्रे उत्तर केरळातील एक कोटीहून अधिक लोकवस्तीत काम करीत होती आणि प्रशिक्षित स्वयंसेवकांची संख्या चार हजारांवर गेली होती.

या काळात झालेला सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र आकड्यांत दिसत नाही. घरोघर जाऊ लागलेल्या स्वयंसेवकांना कर्करोगाच्या एका रुग्णामागे त्याच गल्लीत अर्धांगवायूने पडून असलेले, स्मृतिभ्रंशाने घर न ओळखणारे, मूत्रपिंड निकामी झालेले आणि निव्वळ वार्धक्याने उठणे सोडलेले अनेकजण आढळले. त्याखेरीज नारळीपोफळीवरून पडून मणक्याला इजा झालेले तरुण होते, ज्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले होते आणि ज्यांना पुढची तीसचाळीस वर्षे काढायची होती. कर्करोगतज्ज्ञांच्या चौकटीत यांपैकी कोणीही बसत नव्हते, पण दार उघडल्यावर त्यांना वगळणे स्वयंसेवकांना शक्य नव्हते. अशा रीतीने मरणासन्नांसाठी सुरू झालेली सेवा दीर्घकाळ जगणाऱ्यांची झाली आणि उपशामक सेवा, वृद्धांची शुश्रूषा व दिव्यांगांचे पुनर्वसन हे सरकारी खात्यांनी वेगळे ठेवलेले तीन विषय एकाच पिशवीतून घरोघर जाऊ लागले. काही डॉक्टरांना यात वैद्यकीय दर्जा पातळ होण्याचा धोका दिसला आणि ती शंका निराधार नव्हती. मॉर्फीनची मात्रा ठरवणे आणि तांदूळ पोचवणे ही एकाच तोलाची कामे नव्हेत. तरीही काही निवडक जणांना उत्तम सेवा आणि बाकीच्यांना काहीच नाही, यापेक्षा सर्वांना बऱ्यापैकी सेवा हा निर्णय योग्यच होता असे आज म्हणता येते.

एप्रिल २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले. आशियात असे धोरण करणारे हे पहिले सरकार मानले जाते. त्यानुसार राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या साहाय्याने तीन पायऱ्यांची रचना झाली : पंचायतीची परिचारिका, तिच्यावर तालुका रुग्णालयातील प्रशिक्षित पथक आणि त्याच्याही वर जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये. पंचायतीच्या परिचारिकेने या कामाचे सुमारे तीन महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घेतलेले असते. येथे १९९६ च्या लोकयोजना मोहिमेचा उल्लेख आवश्यक आहे. त्या मोहिमेने राज्याच्या योजनाखर्चापैकी सुमारे ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांच्या हवाली केली होती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रेही त्यांच्याकडे वर्ग झाली होती. त्यामुळे परिचारिकेचा पगार, वाहन आणि ड्रेसिंगचे साहित्य यांसाठी सरपंचाला राजधानीकडे हात पसरावा लागला नाही. ज्या घरी परिचारिका गेली नाही त्या घरचा माणूस प्रभागाच्या सदस्याला रस्त्यात गाठून जाब विचारू शकतो, हे या व्यवस्थेचे खरे नियंत्रण आहे. कोणत्याही तपासणी पथकापेक्षा ते अधिक काम करते.

दिव्यांगांच्या बाबतीत याच पंचायतींनी आणखी एक वाट धरली. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलांसाठी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील वेंगानूर ग्रामपंचायतीने २००४ मध्ये ‘बड्स’ ही शाळा सुरू केली, आणि पुढे ‘कुटुंबश्री’ या महिलांच्या बचत व स्वयंसाहाय्य चळवळीच्या मदतीने अशा शाळा व प्रौढांसाठी दिवसाची पुनर्वसन केंद्रे राज्यभर निघाली. मूल दिवसातले काही तास सांभाळले गेले की आईला कामावर जाता येते, हा त्यांचा न बोललेला पण मोठा उपयोग. ‘आश्वासकिरणम्’ या योजनेतून पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसालाच दरमहा ६०० रुपये मिळतात. रक्कम इतकी तुटपुंजी आहे की तिला मोबदला म्हणणे चेष्टा ठरेल. परंतु शुश्रूषा करणारी व्यक्ती, म्हणजे बहुतेक घरांत बायको, सून किंवा मुलगी, हीसुद्धा शासनाच्या नोंदवहीत यायला हवी, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

केरळच्या या चित्राला डाग आहेतच. पंचायतीच्या परिचारिका बहुधा कंत्राटी असतात. स्वयंसेवकांची फळी काही ठिकाणी राजकीय पक्षांशी आणि धार्मिक संस्थांशी जोडलेली असल्याने एकाच गावात दोन गाड्या फिरतात आणि दुसऱ्या गावात एकही फिरत नाही. महिन्यातून दोनतीन भेटींनी जखम भरते, पण स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्यांना रात्रभर सांभाळणाऱ्या सुनेची झोप भरून निघत नाही. घरच्यांना चार दिवस उसंत देणारी तात्पुरती निवासाची सोय तेथेही फारशी उभी राहिलेली नाही. तरुण परदेशी आणि वृद्ध जोडपे एकटे, अशा घरांत शेजाऱ्याची फेरी मुलाची जागा घेऊ शकत नाही.

महाराष्ट्राकडे पाहताना आधी लोकसंख्येचा वेग लक्षात घ्यावा लागतो. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसांचे प्रमाण केरळात १२.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते, म्हणजे १ कोटी ११ लाखांच्या आसपास माणसे. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील दिव्यांगांची नोंद २९ लाख ६३ हजारांची होती. केरळने हे काम हाती घेतले तेव्हा तेथे वृद्धांचे जे प्रमाण होते तेथवर महाराष्ट्र आता येऊन पोचला आहे. संस्थांची उणीव येथे नाही. भारतातले पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातील रुग्णांचे शुश्रूषागृह, मानले जाणारे शांती आवेदना सदन १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथेच सुरू झाले आणि नंतर त्याची शाखा गोव्यात निघाली, पुण्यात वारजे येथे सिप्ला या औषध कंपनीचे उपशामक सेवेचे केंद्र १९९७ पासून आहे, कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभारलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ने चाकाच्या खुर्चीवरील माणसाला वसतिगृह, शाळा आणि रोजगार मिळवून दिला, आणि ‘फेस्कॉम’ या महासंघाच्या छत्राखाली गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, तितकी संघटित ज्येष्ठ मंडळी अन्य राज्यांत क्वचितच आढळतील. मात्र विरंगुळा केंद्र, सहली, व्याख्याने, वाढदिवस हा सारा कार्यक्रम जिना उतरू शकणाऱ्यांचा आहे. संघाचा सभासद पडला, खुब्याचे हाड मोडले आणि अंथरुणाला खिळला की तो हजेरीपटावरून हळूहळू गळतो. त्यानंतर शहरात ब्युरोची मावशी, एअर बेड आणि डायपरचा महिन्याचा खर्च, आणि गावात घरची बाई, एवढेच पर्याय उरतात. ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीवर येणारी मावशी स्वतः अल्पशिक्षित व असुरक्षित नोकरीतली असते, हा या प्रश्नाचा दुसरा चेहरा आहे.

कायदे या ठिकाणी अर्धीच वाट चालतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाबाबतचा २००७ चा कायदा न्यायाधिकरणामार्फत दरमहा कमाल १० हजार रुपयांपर्यंत पोटगी देववू शकतो, पण कुशीवर वळवायला दोन हात देववू शकत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य करून घरात मिळणाऱ्या आधारसेवांचा आणि अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी शुश्रूषाभत्त्याचा उल्लेख केला. अंमलबजावणी राज्यांच्या आर्थिक कुवतीवर सोपवली. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांच्या बारा सेवांत वृद्धांची व उपशामक सेवाही आहे, म्हणजे जागा, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा कार्यकर्ती हे तिन्ही घटक गावात आधीच आहेत.

पैसाही अगदीच नाही असे नव्हे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करणे बंधनकारक आहे. अनेक ग्रामपंचायतींत ही रक्कम वर्षाअखेरीस घाईने रोख अथवा वस्तुरूपाने वाटून संपवली जाते. लहान गावात ती काही हजारांचीच असते, हेही खरे. परंतु शेजारच्या पाचसात ग्रामपंचायतींनी ती एकत्र केली, त्याला वित्त आयोगाच्या निधीतील आरोग्याचा वाटा जोडला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने देखरेख पत्करली, तर एका प्रशिक्षित परिचारिकेचा आणि तिच्या फिरतीचा खर्च निघणे अशक्य नाही. ग्रामविकास आराखड्याच्या ग्रामसभेत गावातील अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींची यादी वाचून दाखवण्याची आणि त्यांच्यासाठी तरतुदीचा स्वतंत्र रकाना मांडण्याची मागणी कोणत्याही मतदाराला करता येते. ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या पुढल्या सभेत सहलीच्या विषयाआधी हा विषय घ्यावा आणि गळालेल्या सभासदांची यादी स्वतःच तयार करून सरपंचाच्या किंवा नगरसेवकाच्या हाती द्यावी.