शिट्टीच्या आधीचा क्षण

३१ मे २०१८ची संध्याकाळ, कॅलिफोर्नियातलं ओकलंड. आपल्याकडे तेव्हा १ जून उजाडला होता. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला पहिलाच सामना. क्लीव्हलँड १०४, गोल्डन स्टेट १०२ आणि घड्याळात उरलेले ३६.४ सेकंद. गोल्डन स्टेटचा केव्हिन ड्युरंट चेंडू घेऊन बास्केटच्या दिशेनं घुसला, क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स बाजूनं सरकत त्याच्या वाटेत आला, दोघं एकमेकांवर आदळले. शिट्टी वाजली. फाउल ड्युरंटचा, म्हणजे ‘चार्ज’. मग पंचांनी पडद्यावर रीप्ले पाहिला आणि निकाल उलटा फिरला. फाउल लेब्रॉनचा, म्हणजे ‘ब्लॉक’. ड्युरंटनं दोन्ही फ्री थ्रो साधले, बरोबरी झाली आणि जादा वेळेत गोल्डन स्टेटनं सामना १२४-११४ असा जिंकला.

टक्कर एकच होती. तिला दोन नावं कशी मिळाली, याचा शोध घेताना माझ्या हाती जे लागलं, त्यानं मी अजून थक्क आहे. पंच टक्करीचा निवाडा करतच नाहीत. ते निवाडा करतात टक्करीच्या आधीच्या क्षणाचा.

प्रश्न असतो तो जागेचा. ती जागा आधी कुणी मिळवली? बचाव करणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून समोर उभा राहिला की ती जागा नियमानं त्याची होते. त्यानंतर कुणी त्याच्या छातीवर येऊन आदळलं, तर चूक आदळणाऱ्याची. प्रेक्षक इथंच फसतात. ‘पाय हलत होते ना त्याचे!’ असा गिल्ला आपण प्रत्येक सामन्यात ऐकतो. पण पाय हलले म्हणून फाउल होत नाही. एकदा जागा मिळाली की बचावपटू मागे सरकू शकतो, बाजूला सरकू शकतो, सरळ वर उडीही मारू शकतो. प्रत्येक खेळाडूभोवती जमिनीपासून वरपर्यंत एक अदृश्य नळकांडं उभं आहे, असं नियम मानतो. त्या नळकांड्यातली हवासुद्धा त्याच्या मालकीची! हात बाहेर काढून आडवा घातला, कंबर पुढे रेटली, की ती मालकी संपली.

समोरचा खेळाडू हवेत असेल तर गोष्ट आणखी नाजूक होते. जिथून उडी घेतली तिथंच परत उतरण्याचा हक्क त्याला आहे, आणि त्याचे पाय जमिनीवरून सुटल्यावर त्याच्या वाटेत शिरायला मनाई आहे. हा आंतरराष्ट्रीय, म्हणजे ‘फिबा’चा नियम. एनबीएत रेष जरा अलीकडे आखली आहे. तिथं खेळाडूनं फेकीसाठी चेंडू घेऊन वर जायला सुरुवात करण्याआधीच बचावपटू जागेवर हवा. म्हणजे हुबेहूब तीच टक्कर एका मैदानावर चार्ज ठरू शकते आणि दुसऱ्यावर ब्लॉक. शिवाय बास्केटच्या खाली जमिनीवर एक अर्धवर्तुळ असतं, फिबाच्या मैदानावर १.२५ मीटर त्रिज्येचं. त्याच्या आत उभं राहून चार्ज मिळवता येत नाही, त्यामुळे पंचाला टाचांकडेही पाहावं लागतं.

आता हिशेब करून पाहा. सेकंदाला ६ मीटर वेगानं येणारा खेळाडू सेकंदाच्या दहाव्या भागात ६० सेंटीमीटर पुढे जातो. सगळा निवाडा त्या एका पावलात असतो. आणि पाहायचं कशानं? हात लांब करून अंगठ्याचं नख धरा. आपली अगदी तीक्ष्ण दृष्टी साधारण तेवढ्याच ठिपक्यावर असते. बाकीचं दृश्य अंधुक, ते मेंदू भरून काढतो. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते तेव्हा तर त्या उडीपुरतं आपल्याला जवळपास काहीच दिसत नाही. चेंडूमागे फिरणारा डोळा टक्कर ऐकून बचावपटूकडे वळला, तर हवा होता तो क्षण केव्हाच निसटलेला असतो.

म्हणून जाणत्या पंचाला पहिली शिकवण मिळते ती स्वभावाविरुद्ध जाणारी: चेंडू सोड, बचाव करणाऱ्याला बघ. साऱ्या स्टेडियमची नजर चेंडूवर खिळलेली असताना हा एक माणूस दुसरीकडे पाहत असतो. मला यात मोठी साधना दिसते. ही जाण खेळाइतकीच जुनी आहे. जेम्स नेस्मिथनं १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डमध्ये १३ नियम लिहिले, तेव्हाच कामाची वाटणी करून ठेवली होती. एकानं माणसं पाहायची आणि फाउल टिपायचे, दुसऱ्यानं चेंडू पाहायचा. आज मोठ्या सामन्यांत तीन पंच मैदान वाटून घेतात, आणि चेंडूपासून दूर असलेल्याचं काम चेंडूजवळच्याइतकंच जोखमीचं असतं.

दुसरी शिकवण उभं राहण्याची. दोन्ही खेळाडू पंचाच्या डोळ्यांसमोर एका रेषेत आले, तर त्याला फक्त एक पाठ दिसते. त्याला हवी असते दोघांमधली फट. त्यासाठी तो सतत एखादं पाऊल डावी-उजवीकडे सरकत असतो, धावता धावता. क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय देणारा पंच निदान एका जागी उभा असतो. इथं पाहणारा आणि ज्याला पाहायचं तो, दोघंही पळत असतात.

ओकलंडच्या त्या रात्रीबद्दल माझं मत सांगतो. संथ गतीतल्या रीप्लेत लेब्रॉन अजून सरकतच येताना दिसतो, ड्युरंट मात्र तोवर वर निघालेला आहे. ब्लॉक हाच निकाल बरोबर होता. पण पहिली शिट्टी वाजवणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच्याकडे संथ गती नव्हती.

पुढचा सामना पाहाल तेव्हा एकदा एवढं कराच. कुणी बास्केटकडे घुसला की चेंडू सोडून द्या, वाटेत येणाऱ्याच्या छातीवर आणि पावलांवर नजर ठेवा, आणि पंचाचा हात वर जाण्याआधी मनातल्या मनात निकाल देऊन टाका.