जयंतीची तारीख आणि बोटांचा हिशेब

काही घरांतले कॅलेंडर सणवारांइतकेच गायक-संगीतकारांच्या वाढदिवसांवर चालते. २७ जून राहुल देव बर्मन, २५ जुलै सुधीर फडके, ४ ऑगस्ट किशोरकुमार, ८ सप्टेंबर आशा भोसले, २८ सप्टेंबर लता मंगेशकर, २४ डिसेंबर मोहम्मद रफी. या दिवशी हौशी मंडळी जमतात आणि त्या त्या कलाकाराची गाणी सादर करतात. कुणी कराओकेवर गातो, कुणी पेटी धरतो, आणि अलीकडे कुणाच्या हातात युकुलेलेही दिसते.

पंढरपूरला ही रीत नवी नाही. संत नामदेवांची जयंती कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे ऐन कार्तिकी वारीत येते. त्यांचा समाधिदिन आषाढ वद्य त्रयोदशीला असतो. त्या दिवसांत मठांतून, धर्मशाळांतून आणि नामदेव पायरीच्या परिसरात त्यांचे अभंग गाणारे बहुतेक जण पेशाने गायक नसतात. शेतकरी, दुकानदार, शिक्षक, गृहिणी अशीच ही मंडळी. ज्याची जयंती त्याचीच रचना आपल्या गळ्यातून म्हणायची, हे या गावाच्या अंगवळणी पडलेले आहे.

आरोग्याच्या दृष्टीने या रिवाजात मोठा फायदा आहे आणि थोडा धोकाही आहे. दोन्हींचे मूळ एकच : ठरलेली तारीख.

तारीख कामाला लावते

नुसते ‘कधीतरी शिकू’ म्हणून घेतलेले वाद्य कपाटावर जाते. अमुक तारखेला चार लोकांसमोर एक गाणे वाजवायचे आहे असे ठरले, की सराव होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरील ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. मनःस्वास्थ्य, एकटेपणा, दीर्घ आजारांतील जगण्याची गुणवत्ता अशा अनेक बाबतींत गाण्या-वाजवण्याचा उपयोग होतो, असे त्यातून दिसले.

वाद्याचा सराव मेंदूतही उमटतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूची तुलना न वाजवणाऱ्यांशी केली होती. वादकांच्या डाव्या हाताच्या बोटांची संवेदना टिपणारा मेंदूचा भाग अधिक विस्तारलेला आढळला. लहानपणी सुरुवात केलेल्यांत हा बदल जास्त होता. पन्नाशीत शिकणाऱ्याने म्हणून निराश होऊ नये. शिकण्याची क्षमता संपत नाही, फक्त वेग कमी होतो. गडबड होते ती हा कमी वेग मान्य न केल्यामुळे.

बोटे आणि मनगट

युकुलेले हे हवाई बेटांचे वाद्य. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदीरा बेटावरून होनोलुलूला आलेल्या मजुरांनी आणि कारागिरांनी आपली छोटी तंतुवाद्ये सोबत आणली, त्यांतून ते घडले. चार नायलॉनच्या तारा, हलके वजन आणि लहान आकार यांमुळे बोटांवर गिटारच्या पोलादी तारांइतका ताण येत नाही. म्हणूनच मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्यांना ते सोपे वाटते.

पण सोपे वाटते म्हणून सराव एकदम वाढतो. महिनाभर दिवसाला दहा मिनिटे वाजवणारा माणूस वाढदिवसाच्या आधीच्या तीन दिवसांत रोज चार-चार तास बसतो. स्नायू हा भार थोडाफार सोसतात. स्नायूंना हाडाशी जोडणारे स्नायुबंध मात्र हळूहळू तयार होतात. त्यातच पट्टा न लावता वाद्य धरले, तर त्याची मान सावरण्यासाठी डावा अंगठा सतत दाबून धरावा लागतो. मग अंगठ्याच्या बुडाशी दुखू लागते, किंवा एखादे बोट मिटल्यावर अडकते आणि ‘टक्’ करून सुटते.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना रात्री मुंग्या येत असतील आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते. मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता असलेल्यांत हा त्रास अधिक दिसतो. मधुमेहात बोटांची संवेदनाही कमी झालेली असू शकते, त्यामुळे तारेने कातडी सोलली तरी लवकर कळत नाही. अशांनी सराव संपल्यावर बोटांची टोके डोळ्यांनी पाहावीत.

व्यावसायिक कलाकारही यातून सुटत नाहीत. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे १९६० च्या दशकात आपोआप आत वळू लागली. स्नायूंवरील मेंदूचा ताबा बिघडण्याचा हा विकार होता. अनेक वर्षे ते फक्त डाव्या हाताने वाजवत राहिले; बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांनंतर त्यांचा उजवा हात बऱ्याच अंशी परत आला. हौशी वादकात हा विकार क्वचित आढळतो. तरी बोटे ऐकेनाशी झाली तर आणखी जोर लावून वाजवणे हा उपाय नाही, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

कान

बंद सभामंडप, वीस-पंचवीस टाळकरी, पखवाज आणि वर ध्वनिवर्धक. आवाजाची पातळी ८५ डेसिबल असेल तर साधारण आठ तास सुरक्षित मानले जातात. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला अवघी पंधरा मिनिटे. कार्यक्रमानंतर कानात गुणगुण राहिली किंवा समोरच्याचे बोलणे दबलेले वाटले, तर कानाने मर्यादा ओलांडल्याचे ते लक्षण आहे. आतल्या कानातील संवेदनपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मध्यमवयात आलेला बहिरेपणा उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो, हेही आता मान्य झाले आहे. स्पीकरच्या तोंडाशी बसू नये आणि अधूनमधून बाहेर मोकळ्यावर यावे. रोज वाजवणाऱ्या टाळकऱ्याने कानात साधे फोमचे बोळे घालण्यात लाज वाटून घेऊ नये.

गळा

वाढदिवसाच्या कार्यक्रमात गाणे मूळ पट्टीतच म्हणण्याचा हट्ट असतो. लताबाईंची वरची पट्टी प्रत्येकीच्या गळ्यासाठी नसते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज थोडा खाली येतो. वाढत्या वयात पुरुषांच्याही आवाजाचा पल्ला कमी होतो. ओढून गायल्याने स्वरतंतूंवर सूज आणि पुढे गाठी येतात. कराओकेत पट्टी बदलण्याची सोय असते आणि पेटीवर तर ती हातातच असते. दोन पट्ट्या खाली उतरून गायल्याने त्या कलाकाराचा मान कमी होत नाही.

घसा बसणे तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तर ‘गाऊन गाऊन बसला’ असे म्हणून सोडून देऊ नये. तंबाखू, विडी किंवा मिसरीची सवय असेल तर मुळीच नाही. घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो आणि आवाजही वाचतो.

मग सराव कसा करावा?

तारखेच्या सहा आठवडे आधी एकच गाणे निवडावे. रोज वीस-पंचवीस मिनिटे वाजवावे, मग पाच मिनिटे हात मोकळे सोडावेत. इच्छा असल्यास दुसरी फेरी करावी. दर आठवड्याला थोडाच वेळ वाढवावा आणि शेवटचे दोन दिवस सराव कमी करावा. वाद्याला पट्टा लावावा. दुखले तर थांबावे. दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणे, मुंग्या किंवा अशक्तपणा राहिला तर तपासणी करावी.

‘वयाला झेपत नाही, सोडून द्या’ हा सल्ला घरचे लोक फार लवकर देतात. वाद्य सोडले की बोटांचे दुखणे थांबते, पण आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडणे आणि चार माणसांत बसणेही थांबते. त्याची किंमत मोठी असते. त्यापेक्षा भार वाटून घ्यावा. अखंड नामसप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही, पण ती एकाच्या खांद्यावर राहत नाही. पहारे लावलेले असतात आणि वेळ झाली की दुसरा वीणेकरी येऊन ती घेतो. वाढदिवसाच्या कार्यक्रमातही एकाने दहा गाणी म्हणण्यापेक्षा दहा जणांनी एकेक म्हणावे. हात, कान आणि गळा पुढच्या वर्षीच्या त्याच तारखेलाही लागणार आहेत.