वेदनेची वाट आणि वनस्पतीचे विष

युरोपात सोपवर्ट नावाची एक वनस्पती आढळते. आपल्या रिठ्याप्रमाणे तिचाही फेस होतो. पूर्वी त्याने कपडे धूत असत. तिच्या बियांत सॅपोरिन हे विष असते. पेशीत शिरल्यास ते प्रथिननिर्मिती थांबवते व पेशी मरते. परंतु स्वबळावर आत शिरणे त्याला फारसे साधत नाही.

हीच उणीव शास्त्रज्ञांनी उपयोगात आणली. तीव्र वेदनेचा संदेश वाहणाऱ्या काही चेतापेशी ‘सबस्टन्स पी’ हे द्रव्य आत घेतात. त्याला सॅपोरिन जोडले की त्याच पेशी विष ओढून घेतात, शेजारच्या वाचतात. १९९७ मध्ये अमेरिकेतील पॅट्रिक मँटी व सहकाऱ्यांनी उंदरांच्या मज्जारज्जूभोवती हे जोडविष सोडले. इजेनंतर बळावणारी वेदना बरीच ओसरली. सावध करणारी साधी वेदना मात्र टिकून राहिली.

मेलेली चेतापेशी परत येत नाही, म्हणून अशा उपायात सावधगिरी अटळ आहे. शिवाय या ज्ञानाचे मोल मुक्या जिवांनी चुकते केले आहे. उद्या एखाद्या तळमळणाऱ्या रुग्णाला त्यातून दिलासा लाभला, तरी ते ऋण आपल्या खातेवहीत नोंदलेले असावे.