झुलत्या पिशव्या

पावसाळा सरत आला की डेंग्यूची साथ येते आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात हो!" रिपोर्ट हातात घेऊन पाहावा, तर बहुतेकदा काळजी असते प्लेटलेटची. शाळेच्या पुस्तकातल्या या रक्तपट्टिका. त्या पांढऱ्या पेशी नव्हेत. अख्ख्या पेशीसुद्धा नव्हेत. गेली वीस वर्षं मी रक्तदान शिबिरांत राबतोय, पण या इवल्याशा तुकड्यांनी लावलं तेवढं वेड रक्तातल्या दुसऱ्या कशानंच लावलं नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. रक्तात निम्म्याहून जास्त पिवळसर प्लाझ्मा, त्यातही नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. लाल पेशी हिमोग्लोबिनच्या जोरावर ऑक्सिजन वाहतात, सुमारे १२० दिवस जगतात. पांढऱ्या पेशींपैकी काही जंतू गिळतात, काही अँटिबॉडी बनवतात. झालं.

आता प्लेटलेट. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाची धिप्पाड पेशी असते. ती रक्तवाहिनीत लांबलचक धागे सोडते आणि वाहत्या रक्ताच्या ओढीनं त्यांचे तुकडे पडतात. तेच हे. केंद्रक नाही, रुंदी दोन-तीन मायक्रॉन, आयुष्य ७ ते १० दिवस, आणि एका घनमिलिमीटरमध्ये दीड ते साडेचार लाख! इटलीतल्या तुरीनच्या जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली त्यांचं काम उजेडात आणलं. जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. वाहिनीला इजा झाली, की हे कण नेमके तिथंच येऊन चिकटत होते. चिकटलेली प्लेटलेट चपटी राहत नाही, तिला काटे फुटतात. रसायनं सोडून ती इतरांना बोलावून घेते आणि मग फायब्रिनचं जाळं त्या ढिगाला घट्ट बांधतं.

रक्तपेढीत लाल पेशी २ ते ६ अंशांवर फ्रीजमध्ये आणि प्लाझ्मा गोठवलेला. प्लेटलेटच्या पिशव्या मात्र २० ते २४ अंशांवर, रात्रंदिवस हलणाऱ्या कप्प्यांत झुलत असतात. एकदा तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी एक पिशवी उजेडासमोर धरून हलकेच हलवली. आत सोनेरी लाटा फिरल्या, रेशमी कापडावर फिरावी तशी झळाळी. प्लेटलेट चपट्या आणि धडधाकट असल्या तरच ती दिसते. थंडीत त्या गोल होतात, झळाळी जाते आणि असल्या प्लेटलेट शरीरात गेल्या की यकृत त्यांना झपाट्यानं बाजूला काढतं. म्हणून एवढा लाड, तोही जेमतेम पाच दिवस.

डेंग्यूत लोक आकड्याकडे डोळे लावून बसतात, पपईच्या पानांचा रस शोधत फिरतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या आकड्याइतकंच, किंबहुना जास्तच, पोटात दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, लघवी कमी झाली का, इकडे बघा. या आजारात खरा घात बहुधा वाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपण्यानं होतो. तेव्हा सलाइनचं प्रमाण सांभाळणं जीव वाचवतं. रक्तस्राव नसेल, तर नुसता आकडा उतरला म्हणून डॉक्टर सहसा पिशवी लावत नाहीत.

ताईंनी पिशवी दाखवली त्या दिवशी मात्र रक्तपेढीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलाच्या वडिलांना नाकातून रक्त येत होतं. त्यानं घरून बर्फ भरलेला डबा आणला होता. ताईंनी डबा परत केला. "दादा, हिला बर्फ चालत नाही. अशीच न्या, वाटेत थांबू नका, गेल्या गेल्या लावायला सांगा." त्यानं दोन्ही हातांत पिशवी धरली आणि जिन्याकडे धावला.