मर्यादवेलीच्या अलीकडे : मढच्या किनाऱ्यावरील सायकलभ्रमण

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, एका बाजूस मालाडची खाडी आणि दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र यांच्या कुशीत मढचा चिंचोळा भूभाग पसरलेला आहे. मढ, एरंगळ, भाटी, अक्सा, मार्वे ही येथील जुनी गावे. दक्षिण टोकाशी पोर्तुगीजांनी बांधलेला व १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी जिंकून घेतलेला मढचा किल्ला आहे. पूर्वेकडे खाडीच्या काठाने कांदळवन, पश्चिमेकडे वाळूच्या पुळणी व खडकाळ कडे, आणि मध्ये कोळ्यांची वस्ती व नारळाच्या वाड्या, अशी या परिसराची सर्वसाधारण रचना आहे. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या महानगरात निसर्गाचा एवढा मोठा ठेवा शिल्लक राहावा, ही बाब निश्चितच मोलाची होय.

या परिसरात गेल्या काही वर्षांत एक नवा अतिथी नियमितपणे येऊ लागला आहे. तो म्हणजे सायकलस्वार. वेसाव्याहून मढकडे सडकेने जावयाचे तर मालाडमार्गे २० किलोमीटरहून अधिक वळसा पडतो. परंतु खाडी ओलांडणारी बोट प्रवाशाला त्याच्या सायकलीसह अवघ्या काही मिनिटांत पैलतीरी पोचविते. तेथून एरंगळ, अक्सा, मार्वे, पुन्हा बोटीने मनोरी, पुढे गोराई व उत्तन असा हा मार्ग सायकलस्वारांच्या विशेष आवडीचा आहे. भल्या पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी परतणारे हे लोक धूर करीत नाहीत, भोंगे वाजवीत नाहीत. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र सडक सोडून पुळणीवर किंवा खाडीच्या चिखलातील वाटेवर सायकल उतरते, तेव्हा काय घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

डोंगरी सायकलीची वाटचाल

रुंद व खाचेदार टायर, भक्कम सांगाडा आणि अनेक गिअर असलेली डोंगरी सायकल, म्हणजेच माउंटन बाइक, ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात उदयास आली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन परगण्यातील टमाल्पाइस डोंगरावर १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जड सायकलींमध्ये फेरफार करून उतारावरून शर्यती लावीत. त्यातूनच हा प्रकार वाढीस लागला आणि १९९६ मध्ये अटलांटा येथे त्याला ऑलिंपिक स्पर्धेत स्थान मिळाले.

ज्या परगण्यात हा खेळ जन्मला, तेथेच त्याच्यावर मर्यादाही प्रथम आल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पायी फिरणारे व सायकलस्वार यांच्यात अरुंद वाटांवरून वाद होऊ लागले. याच परगण्यात पॉइंट रेयेस हा राष्ट्रीय संरक्षित सागरकिनारा आहे. तेथे सायकलींना सरसकट बंदी नाही आणि मुक्त संचारही नाही. ठरावीक वाटा त्यांच्यासाठी खुल्या आहेत आणि जो भाग कायद्याने पूर्णतः निसर्गाधीन ठेवलेला आहे, तेथे सायकल नेता येत नाही.

सायकल मुळातच जमिनीची वैरी आहे, असे मात्र मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील माँटाना राज्याच्या डोंगरवाटांवर केलेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, घोडे व पायी चालणारे यांच्यामुळे जेवढी माती सुटते, त्याहून सायकलीमुळे कमी सुटते. याचा अर्थ एवढाच की, कठीण व रुळलेल्या वाटेवर सायकल फारशी हानी करीत नाही. खाडीचा चिखल आणि किनाऱ्याची वाळू यांचा स्वभाव मात्र वेगळा आहे.

चाकाखालील जमीन

टायरमध्ये हवेचा जेवढा दाब असतो, साधारणपणे तेवढाच दाब टायर जमिनीवर देतो. डोंगरी सायकलीच्या टायरमधील हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम धरता येईल. उलट ७० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य एका पायावर उभा राहिला, तरी त्याचा भार पाऊलभर जागेवर वाटला जातो व हा दाब अर्ध्या किलोग्रॅमच्या आत राहतो. साहजिकच मऊ जमिनीत चाक पावलापेक्षा खोल रुतते. शिवाय पावलांचे ठसे सुटेसुटे पडतात, तर चाकाची चाकोरी सलग असते. त्या चाकोरीतून पाणी वाहू लागले की ती रुंदावते व पुढचा सायकलस्वार तिच्या बाजूने नवी वाट काढतो.

खाडीच्या चिखलात तिवराची झाडे उभी असतात. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवराची काही मुळे पेन्सिलीसारखी जमिनीबाहेर वर येतात व हवेतून श्वास घेतात. एका मोठ्या झाडाभोवती अशी शेकडो मुळे असतात. ती तुडवली गेली, अथवा त्यांच्याभोवतीचा चिखल दाबून घट्ट झाला, म्हणजे झाड गुदमरते. याच मुळांच्या आसऱ्याने कोळंबी, खेकडे व अनेक जातींच्या माशांची पिले वाढतात. म्हणून कांदळवनाचे नुकसान हे अखेरीस मढच्या मच्छीमाराच्या जाळ्याचे नुकसान ठरते. मुंबईच्या समुद्रात मोठ्या उधाणाची भरती ४.५ मीटरहून उंच चढते. अशा वेळी लाटांचा जोर मोडण्याचे व माती धरून ठेवण्याचे कामही हेच वन करीत असते.

पुळणीची गोष्ट याहून वेगळी नाही. भरतीच्या रेषेच्या वर जांभळ्या फुलांची एक वेल वाळूवर दूरवर पसरलेली आढळते. तिला आपल्याकडे मर्यादवेल म्हणतात. समुद्राने येथवर यावे, पुढे येऊ नये, अशी मर्यादा घालणारी ती मर्यादवेल! हे नाव केवळ कविकल्पना नव्हे. या वेलीची मुळे व फांद्या उडती वाळू अडवितात, वाळूचे उंचवटे बांधतात आणि हेच उंचवटे वादळी लाटांपासून मागील वाड्यांचे रक्षण करतात. चाकांखाली वेल तुटली की वाळू मोकळी होते व वारा ती उडवून नेतो.

वाळूच्या उघड्या जागी चिखल्यासारखे छोटे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती वाळूच्या रंगाची असल्याने सहजासहजी दिसत नाहीत. हिवाळ्यात दूरच्या प्रदेशांतून आलेले पक्षी भरतीच्या वेळी किनाऱ्यावर विसावतात. त्यांना वारंवार उठवले तर पुढील प्रवासासाठी साठविलेली शक्ती व्यर्थ खर्ची पडते. मढसमोरच्याच वेसाव्याच्या किनाऱ्यावर मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिले आढळली होती. समुद्राकडे धाव घेणाऱ्या तळहाताएवढ्याही नसलेल्या पिलाला चाकाची खोल चाकोरी हा खंदकच होय.

कायद्याचे संरक्षण

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये किनारपट्टीच्या नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. पुढे २०११ व २०१९ मध्ये तिची नवी रूपे आली. कांदळवने, वाळूचे उंचवटे, चिखलाची मैदाने व कासवांच्या विणीच्या जागा यांना या अधिसूचनेत सर्वाधिक संवेदनशील वर्गात स्थान आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने कांदळवन तोडण्यास मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयात कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे स्पष्ट केले. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा राखणे आवश्यक ठरविण्यात आले.

राज्य शासनाने २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याच्या कांदळवृक्षाचा मान दिला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन होते. जे कांदळवन राखीव वन म्हणून अधिसूचित आहे, तेथे विनापरवाना प्रवेश हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे अपराध ठरतो. मग तो पायी असो वा सायकलीवरून.

स्थानिकांचा किनारा

किनारा ही पर्यटकाची मौजेची जागा असली, तरी कोळी कुटुंबाचे ते अंगण व कामाची जागा आहे. बांबूंच्या उभ्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, जमिनीवर जाळी पसरलेली असतात, होड्यांची डागडुजी चालू असते. अशा जागेतून वाट काढताना सायकलीवरून उतरून ती हाताने नेणे, हा साधा शिष्टाचार आहे. एरंगळच्या प्राचीन चर्चच्या जानेवारीतील यात्रेस सर्व धर्मांचे लोक येतात. आल्यागेल्याचे आदरातिथ्य ही या गावांची परंपराच आहे. त्या आदरातिथ्याची बूज पाहुण्यानेही राखली पाहिजे.

वेसावे व मढ यांना जोडणाऱ्या पुलाचा प्रकल्प बृहन्मुंबई महानगरपालिकेने हाती घेतला आहे. पूल झाल्यावर येथील वर्दळ वाढणार, हे उघड आहे. म्हणून सायकलींची शिस्त आजच, संख्या आटोक्यात असतानाच, घालून देणे हिताचे ठरेल.

काय करता येईल?

सायकल सडकेवर व रुळलेल्या कठीण वाटेवरच चालवावी. मर्यादवेल दिसली की तेथे सायकल उभी करून पुढे पायी जावे, हा एकच नियम सर्वांना समजण्यासारखा आहे. बोटीच्या धक्क्यांवर तो ठळक मराठीत लिहिता येईल. पुळणीकडे जाणाऱ्या वाटांच्या तोंडाशी सायकली ठेवण्याची सोय केली, तर त्या पुढे नेण्याचे कारणच उरणार नाही. ही व्यवस्था अल्प खर्चाची आहे.

शिक्षकांना हा विषय शाळेच्या सहलीत प्रत्यक्ष शिकविता येईल. ओल्या वाळूवर एक पाऊल उमटवावे, शेजारून एक सायकल न्यावी आणि दोन्ही ठशांची खोली मुलांना पट्टीने मोजावयास सांगावी. दहा व्याख्यानांनी जे साधणार नाही, ते या पट्टीने साधेल.

कोकणच्या किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनाही हे सर्व लागू आहे, कारण सायकलस्वारांची पथके आता कोकणच्या किनारी मार्गानेही जाऊ लागली आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे गावोगावी नेमावयाच्या समित्यांना कासवांच्या व पक्ष्यांच्या विणीच्या जागा व हंगाम आपल्या नोंदवहीत नोंदविता येतात. त्यानुसार कोणती वाट कोणत्या महिन्यांत बंद ठेवावी, हे गावालाच ठरविता येईल. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने कासवांचे रक्षण करीत असतानाच पाहुण्यांना घरगुती निवास व भोजन देऊन उत्पन्नाचे साधन निर्माण केले आहे. शिस्तीमुळे पाहुणे दुरावत नाहीत, हाच त्या गावाचा अनुभव आहे.

समुद्राला मर्यादा घालणारी वेल निसर्गाने मढच्या वाळूवर अंथरून ठेवली आहे. माणसाच्या चाकांना ती मर्यादा शिकविण्याचे काम शासन, स्थानिक संस्था, शाळा आणि सायकलस्वार यांनी मिळून करावयाचे आहे.