रक्तातला संसर्ग मोजायचा कसा?

रुग्ण सुधारत असतो, वॉर्डात हलवण्याची चर्चा सुरू असते आणि अचानक थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब उतरतो. ‘रक्तात जंतुसंसर्ग झालाय,’ डॉक्टर सांगतात. ‘आणलं तेव्हा तर नव्हता!’ हे नातेवाइकांचे म्हणणे अनेकदा खरे असते. दाखल करताना नसलेला आणि साधारण दोन दिवसांनंतर उद्भवलेला असा संसर्ग रुग्णालयजन्य मानला जातो.

अतिदक्षता विभागात त्याची नेहमीची वाट म्हणजे सेंट्रल लाइन. मान, छाती किंवा जांघेतून मोठ्या शिरेत घातलेली नळी. तीव्र औषधे देण्यासाठी ती लागतेच. पण त्वचेवरचे किंवा हाताळणाऱ्याच्या हातावरचे जिवाणू तिच्यावाटे थेट रक्तात उतरू शकतात.

हे रोखायचे तर आधी मोजावे लागते. महिन्यात पाच रुग्णांना संसर्ग झाला, एवढ्याने काही कळत नाही. म्हणून रोज ठरावीक वेळी किती रुग्णांना सेंट्रल लाइन आहे, हे नोंदवतात. दहा रुग्णांना दहा दिवस नळी राहिली, तर शंभर ‘लाइन-दिवस’ झाले. पाचशे लाइन-दिवसांत पाच संसर्ग म्हणजे हजारामागे दहा. या दरावरूनच गेल्या महिन्याशी किंवा दुसऱ्या विभागाशी तुलना करता येते.

भारतात २०१७-१८ मध्ये २६ रुग्णालयांतील ८९ आयसीयूंमध्ये अशी एकसारखी नोंद झाली. रक्तातील २,६२२ संसर्ग सापडले. नवजात शिशूंच्या आयसीयूमध्ये दर सर्वाधिक, हजार लाइन-दिवसांमागे वीसहून जास्त होता. क्लेब्सिएला हा जिवाणू सर्वाधिक आढळला आणि त्याच्या ७२ टक्के संसर्गांत कार्बापेनेम गटातील प्रतिजैविके निष्प्रभ ठरत होती. ही औषधे गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेली असतात. ती चालेनाशी झाली, की कोलिस्टिनसारख्या, मूत्रपिंडाला इजा करू शकणाऱ्या औषधांकडे वळावे लागते.

मोजणीचा पाया म्हणजे ब्लड कल्चर. शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी, पुरेसे रक्त घेऊन ते करायला हवे. डोस आधी गेला, तर जंतू अनेकदा वाढत नाहीत. संसर्ग असूनही नोंद कोरी राहते. त्यामुळे कागदावर शून्य संसर्ग दाखवणारे रुग्णालय सुरक्षितच असेल, असे नाही. कदाचित तिथे तपासणीच कमी होत असेल. प्रामाणिकपणे आकडा दाखवणाऱ्याला शिक्षा झाली, तर पुढच्या वर्षी आकडा कमी होईल, संसर्ग नव्हे.

मोजणीला साध्या शिस्तीची जोड दिली, की फरक पडतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात हात धुणे, नळी घालताना पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे, या पाच गोष्टी शंभराहून अधिक आयसीयूंत काटेकोरपणे पाळल्या गेल्या. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दराचा मध्यक २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला होता.

नातेवाइकांनीही दोन प्रश्न जरूर विचारावेत: ‘नळीची आज गरज आहे का?’ आणि ‘कल्चरचा रिपोर्ट आला का?’ रुग्णाला भेटण्याआधी व नंतर हात स्वच्छ करावेत आणि नळीला हात लावू नये.