प्रशांत महासागराचे पाणी आणि मोंढ्यातला भाव

२०२३ साली अधिक मासामुळे श्रावण दोन आले, आणि ऑगस्ट महिना पहिल्या तारखेपासून अखेरपर्यंत श्रावणातच पडला. तरीही त्या महिन्यात देशभर सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के पाऊस कमी झाला, आणि १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा सापडत नाही. त्याच महिन्याच्या १९ तारखेस केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवण्याचा हुकूम काढला आणि त्याच्या निषेधार्थ लासलगावसह नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले. बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीस त्याआधीच, २० जुलैला, मनाई झाली होती. या घडामोडींची कारणे अनेक होती. परंतु त्यांतील एका प्रबळ कारणाचा उगम शोधू गेल्यास आपल्याला दिल्लीची कचेरी आणि नाशिकचे शिवार मागे टाकून, हजारो मैल दूर, विषुववृत्तालगतच्या प्रशांत महासागरापर्यंत जावे लागते.

एरवीच्या वर्षी तेथे व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, पृष्ठभागावरचे उबदार पाणी इंडोनेशियाच्या दिशेने लोटतात, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागी, दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यालगत, खोलवरचे थंड व पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. परंतु दोन ते सात वर्षांच्या अनियमित अंतराने हे वारे मंदावतात, उबदार पाणी पुन्हा पूर्वेकडे पसरते, आणि त्याच्या पाठोपाठ मेघनिर्मितीचे क्षेत्रही सरकते. मग भारतीय उपखंडावर जोमाने वर चढण्याऐवजी खाली उतरण्याकडे हवेचा कल होतो, आणि उतरत्या हवेत ढग वाढत नाहीत. नाताळच्या सुमारास किनाऱ्यावर येणाऱ्या या उष्ण प्रवाहाला पेरूच्या कोळ्यांनी बाळ येशूवरून 'एल निनो' हे नाव दिले. मध्य प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरीपेक्षा अर्धा अंश सेल्सियसने वाढून काही महिने तसेच राहिले, म्हणजे शास्त्रज्ञ तो आला असे मानतात. अर्धा अंश ही मात्रा अल्प वाटते खरी. परंतु तो महासागराच्या एवढ्या विस्तीर्ण पृष्ठाचा अर्धा अंश असतो, हे विसरता कामा नये.

एल निनोच्या शोधाच्या इतिहासात आपल्या भूमीचा वाटा मोठा आहे, आणि तो दुष्काळाच्या वेदनेतून आलेला आहे. १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली, आणि पुढच्याच वर्षी पुणे, नगर, सोलापूर, सातारा, विजापूर या मुलखांवर तो घोर दुष्काळ कोसळला, ज्याने दख्खनमधील आणि मद्रास इलाख्यातील लक्षावधी माणसांचा घास घेतला. १८९९ साली पुन्हा मान्सूनने दगा दिला, आणि खात्याचे भाकीत सपशेल खोटे ठरले. यानंतर १९०४ साली खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाकडे आली. हवामानशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसलेल्या या माणसाने, हिंदी कारकुनांच्या हाती जगभरच्या वेधशाळांतील वायुभाराचे, तापमानाचे आणि पर्जन्याचे आकडे सोपवून, वर्षानुवर्षे त्यांचे परस्परसंबंध तपासवून घेतले. त्यातून त्याला आढळले, की प्रशांत महासागराच्या एका बाजूचा वायुभार वाढला की हिंदी महासागराच्या बाजूचा उतरतो, जणू एकाच तागडीची ती दोन पारडी असावीत. आपला मान्सून आधी ओळखता यावा म्हणून आरंभलेल्या या खटाटोपातून साऱ्या जगाच्या हवामानाची एक किल्ली हाती आली. तागडी का हलते हे मात्र वॉकरला उमगले नाही. समुद्राचे तापणे आणि वायुभाराचे डोलणे ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, असे याकोब ब्यर्कनेस या नॉर्वेजियन वंशाच्या शास्त्रज्ञाने १९६९ साली मांडले. त्या हिंदी कारकुनांची नावे या कथेत क्वचितच घेतली जातात, हे मला फार अन्यायाचे वाटते.

तथापि 'एल निनो म्हणजे दुष्काळ' असे समीकरण मांडणे चुकीचे होय. १९९७ साली विसाव्या शतकातील अतिप्रबळ एल निनोंपैकी एक उद्भवला असता आपल्याकडे सरासरीहून किंचित अधिकच पाऊस झाला. उलट २००९ साली तो तुलनेने सौम्य असूनही देशाला २२ टक्के तूट सोसावी लागली. १९९७ च्या आश्चर्याचे एक कारण हिंदी महासागरातच होते: त्याचा पश्चिम भाग तापला, पूर्व भाग निवला, आणि या द्विध्रुवाने मान्सूनला आधार दिला. या द्विध्रुवाचे स्वरूप १९९९ साली शास्त्रज्ञांनी उलगडले, आणि त्यांत भारतीय नावे होती.

शिवाय शेतकऱ्याच्या दृष्टीने हंगामाची सरासरी हा फसवा आकडा असतो. २०२३ सालचा मान्सून अखेरीस सरासरीच्या ९४ टक्क्यांवर गेला, म्हणजे कागदोपत्री फारसे बिघडले नव्हते; पण मृगाचा पाऊस लांबला की पेरणी लांबते, पेरल्यानंतर उघडीप पडली की दुबार पेरणीचे बियाणे घरातून काढावे लागते, आणि मघा-पूर्वात खंड पडला की फुलोऱ्यातले सोयाबीन शेंग धरत नाही. उत्तरा आणि हस्त कोरडे गेले तर मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीपुरती ओल उरत नाही. आणि ज्वारी गेली म्हणजे भाकरीबरोबर कडबाही जातो, हे शहरातल्या वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. कडबा गेला की दावणीची जनावरे पडत्या भावाने बाजारात येतात, आणि ती पुन्हा घेण्याइतकी ऐपत पुढच्या चांगल्या पावसानेही लगेच येत नाही.

१९७२ च्या एल निनोच्या वेळी समुद्रापासून शिवारापर्यंतच्या या साखळीची दोन टोके एकाच वेळी दिसली. पेरूच्या किनाऱ्यावर थंड पाणी वर येईना, त्यात मासेमारीचा अतिरेक झालेला, त्यामुळे तेथील अँकोव्ही माशांचा व्यवसाय कोसळला. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यातील मासळीची भुकटी दुर्मीळ झाली, तिच्या जागी सोयाबीनची मागणी वाढली, आणि भाव इतके चढले, की १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात काही काळ रोखली. त्याच काळात दुष्काळी महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडीत होती, नालाबांध घालीत होती आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी खात होती. त्या दुष्काळाच्या कामांतूनच वि. स. पागे यांच्या विचाराने रोजगार हमी योजना सिद्ध झाली, आणि १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. संकटातून कायमचा हक्क निर्माण झाल्याचे याहून उजळ उदाहरण आपल्या राज्याच्या इतिहासात मला आढळत नाही.

भावाचा प्रश्न मात्र आपण तितक्या शहाणपणाने हाताळला नाही. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या तुटीच्या वर्षांनंतर तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. डाळीच्या त्या भावाकडे पाहून शेतकऱ्यांनी पुढच्या खरिपात तुरीचा पेरा वाढवला, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ साली मोंढ्यात तुरीची आवक अशी लोटली, की ५,०५० रुपये क्विंटलचा हमीभावही मिळेना आणि खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. टंचाईच्या वर्षी ज्याच्याकडे विकायला माल नव्हता, त्याच्याचकडे सुकाळात माल असून भाव नव्हता. कांद्याचेही तेच: ऑगस्ट २०२३ च्या शुल्कामागोमाग ८ डिसेंबरला, लाल कांदा बाजारात येत असताना, निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ पर्यंत टिकली. ग्राहकाला दिलासा देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. पण त्याचा खर्च एकट्या उत्पादकाच्या पदरी घालणे हा न्याय नव्हे.

पूर्वीच्या अमदानीत आणेवारी ठरावी, मग शेतसाऱ्याची तहकुबी व्हावी, तगाई मिळावी, असा क्रम होता, आणि तो सारा नुकसान होऊन गेल्यानंतरचा होता. आज समुद्रातील तरंगती यंत्रे आणि उपग्रह काही महिने अगोदर इशारा देतात. हवामान खाते एप्रिलमध्ये मान्सूनचा पहिला अंदाज देते आणि मेअखेर तो सुधारते. एवढा अवधी हाती असताना चारा, कमी मुदतीच्या वाणांचे बियाणे आणि धरणांतील पिण्याच्या पाण्याचे आरक्षण यांची तजवीज जिल्ह्याजिल्ह्यात पावसाळ्याआधी झाली पाहिजे. आणि त्याहूनही अगत्याचे म्हणजे, आयात-निर्यातीचे धोरण सरकारने रोहिणी नक्षत्रापूर्वी जाहीर करावे आणि पीक बाजारात येईपर्यंत ते बदलू नये.